‘तांत्रिक कारणास्तव बंद’ : तुमच्या एका स्टारला माझं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा डोकं तापलं म्हणून लगेच काही टाइप केलं नाही, रात्री परत शांतपणे वाचला. तुमच्या तक्रारी अशा: रविवारी मुलाला घेऊन तलावावर आलात तर गेटवर ‘तांत्रिक कारणास्तव बंद’ एवढाच कागद, आधी मेसेज नाही, फोन कोणी उचलला नाही, सोमवारी सकाळीही तेच. त्याच्या दोन दिवस आधी क्लोरीनचा इतका वास की मुलाचे डोळे लाल. लाइफगार्ड सारखे जागा सोडतात. ग्राउंड कायम त्याच फुटबॉलवाल्यांना. दहा-अकरा आजी-आजोबांसाठी अख्खा हॉल अडवलाय आणि मुलं बॅडमिंटनच्या वेटिंग लिस्टवर लटकलीत. वशिल्याशिवाय इथे नंबर लागत नाही. आणि शेवटी, गॉगल हरवला तोही कोणी शोधून दिला नाही.

आधी मी कोण ते सांगतो. तलाव, हॉल, ग्राउंड शहराच्या मालकीचं, पण वेळापत्रक, कोच, लाइफगार्ड, पाण्याची देखभाल हे सगळं माझी कंपनी कंत्राटावर बघते आणि डायरेक्टर म्हणून सही माझी असते. त्यामुळे ‘वरून ऑर्डर आली’ वगैरे मी म्हणणार नाही.

आता रविवारचं. शनिवारी संध्याकाळी शेवटच्या बॅचला उथळ बाजूला एका लहान मुलाला पाण्यातच जुलाब झाले. शिट्टी मारली, सगळ्यांना बाहेर काढलं, गेट लावलं. घट्ट शी असती तर काम सोपं असतं, ती काढायची, क्लोरीन २ पीपीएमवर (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात २ भाग) नेऊन साधारण अर्धा तास थांबायचं, झालं. जुलाबाचं तसं नाही, कारण त्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी असू शकतो आणि तो रोजच्या क्लोरीनमध्ये आठवडाभराहून जास्त जिवंत राहतो. असेलच असं नाही, पण नाही हे त्या संध्याकाळी कोणी सांगू शकत नाही, म्हणून असल्याचं धरूनच चालावं लागतं. त्यासाठी अमेरिकेच्या सीडीसीचा (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) जो हिशोब आम्ही पाळतो तो असा की क्लोरीन २० पीपीएमला न्यायचं आणि १२.७५ तास तिथेच धरायचं, पीएच ७.५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. हे स्टॅबिलायझर (उन्हाने क्लोरीन उडून जाऊ नये म्हणून घालतात ते रसायन) नसलेल्या पाण्यासाठी, आपला तलाव छताखाली आहे म्हणून आपण तो घालत नाही, उघड्यावरच्या तलावात घालतात आणि तिथे वेळ आणखी लांबतो.

आपला तलाव २५ मीटर लांब, १५ रुंद, सरासरी खोली १.४, म्हणजे सव्वापाच लाख लिटर पाणी. तेवढ्याला २ वरून २० वर न्यायला ६५ टक्क्यांची क्लोरीनची पावडर साधारण साडेचौदा किलो लागते. ती पोत्यातून धपकन ओतता येत नाही, आधी बादलीत पाणी, मग त्यात पावडर (उलटं कधीच नाही), ढवळायचं, कडेकडेने सोडायचं, पंप चालू ठेवायचा, दर थोड्या वेळाने चार कोपऱ्यांतून नमुना घेऊन मोजायचं. त्या पावडरने पीएच वर चढतो म्हणून अॅसिड लागतं, आणि ते दुसऱ्या खोलीत ठेवतो कारण दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू तयार होतो. चारही कोपऱ्यांत २० दिसायला रात्रीचे अकरा वाजले आणि घड्याळ तिथून सुरू होतं, घटना घडली तिथून नाही. म्हणजे रविवारी दुपारी पावणेबाराला वेळ भरली. मग फिल्टरमधून पाणी उलट्या दिशेने सोडून तो धुतला आणि ते पाणी गटारात सोडलं, तलावात परत नाही. मग क्लोरीन खाली आणायचं. सोमवारी सकाळी सहाला रीडिंग ६ होतं, आमची मर्यादा ३, म्हणून सकाळच्या बॅचेस बंद ठेवल्या आणि दुपारी उघडलं.

तर बंद ठेवलं याबद्दल मी सॉरी म्हणणार नाही, उद्या परत असं झालं तर परत बंद ठेवीन.

सॉरी त्या कागदाबद्दल. ‘तांत्रिक कारणास्तव’ हे शब्द मीच लिहायला सांगितले. कारण सांगतो, पटलं नाही तरी चालेल. त्या मुलाची आई चेंजिंग रूमच्या बाहेर टॉवेल हातात घेऊन रडत उभी होती, तिला वाटत होतं आता पालकांच्या ग्रुपवर आपलं नाव फिरणार. मला तेवढंच दिसलं आणि मी झाकून टाकलं. पण ‘पाण्यात विष्ठा आढळल्यामुळे जंतुनाशक प्रक्रिया चालू आहे’ असं लिहिलं असतं तरी कोणाचंच नाव कळलं नसतं, हे मला कागद लावून झाल्यावर एका लाइफगार्डने सांगितलं, आणि ती वयाने माझ्या मुलीएवढी आहे. आणखी एक, जास्त गंभीर. ज्यांच्या पोटात ते पाणी गेलं असेल त्यांना त्रास साधारण २ ते १० दिवसांत दिसतो, म्हणजे पालकांना ठाऊक असायला हवं की मुलाला जुलाब झाले तर डॉक्टरांना तलावाचं सांगा आणि मुलाला पाण्यात पाठवू नका. आम्ही रविवारी सकाळी फोन केले ते फक्त त्या शेवटच्या बॅचच्या पालकांना. त्याच संध्याकाळी आधी येऊन गेलेल्यांना नाही, आणि रविवारच्या बॅचवाल्यांना तर ‘येऊ नका’ एवढा साधा मेसेजही नाही, कारण मेसेज पाठवणारा माणूस आणि पाण्यात पावडर सोडणारा माणूस एकच होता आणि तो पहाटेपर्यंत जागा होता. आता ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांकडे दिलीत. सगळ्यांना मेसेज काल गेलाय, तुम्हालाही आला असेल. प्रवेश फॉर्मवरही ओळ टाकली आहे की जुलाब चालू असताना पाण्यात उतरायचं नाही आणि क्रिप्टोचं (त्याच परजीवीचं) निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही २ आठवडे नाही.

वासाचं मात्र तुमचं निदान उलटं आहे, आणि यात तुमची चूक नाही, सगळ्यांनाच असं वाटतं. नाकाला झोंबतो तो वास बहुतेक वेळा जास्त क्लोरीनचा नसतो. क्लोरीन घामाला, लघवीला, अंगावरच्या क्रीमला लागून त्याचं क्लोरामाइन होतं, आणि डोळे चुरचुरतात ते त्यानेच. म्हणजे वास आला की समजायचं लोक आंघोळ न करता उतरलेत, किंवा पाण्यातच उरकून घेताहेत. तुम्ही सांगितलेल्या दिवसाचं रजिस्टर काढलं, त्या संध्याकाळी कंबाइन्ड क्लोरीन, म्हणजे हेच क्लोरामाइन झालेलं, ०.६ होतं, ते ०.४ च्या आत हवं. म्हणजे तुमच्या मुलाचे डोळे उगाच लाल झाले नाहीत. दोन शॉवर महिनाभर बंद पडले होते आणि आम्ही ‘करू, करू’ करत बसलो, ते आता चालू केलेत. पण शॉवर चालू असून धावत जाऊन उडी मारणाऱ्यांत मोठी माणसंच जास्त, हेही लिहून ठेवतो.

लाइफगार्ड जागा सोडतात ते मुद्दाम. एकाच पाण्याकडे टक लावून बसलं की माणसाचं लक्ष उतरतं, म्हणून दर २० मिनिटांनी खुर्च्या बदलतो, आणि बदलताना एकाची नजर पाण्यावर असतेच. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. बहुतेकदा आवाजच नसतो आणि २० ते ६० सेकंदांत सगळं संपू शकतं. तुम्ही म्हणता त्यातला एक जण मोबाइल बघत होता, ते खरं निघालं. त्याला सध्या खुर्चीवर बसवत नाहीये, पूर्ण ट्रेनिंग परत करायला लावलंय. यावर माझ्याकडे सबब नाही.

फुटबॉलचा मुद्दा तुमचा बरोबर आणि मला आवडला नाही कारण बरोबर आहे. संध्याकाळी ५ ते ८ हेच तीन तास सगळ्यांना हवेत, आणि आमच्याकडे पद्धत अशी होती की गेल्या वर्षी ज्याचा स्लॉट होता त्याला यंदा आधी विचारायचं. ऐकायला सोयीचं वाटतं. पण त्यामुळे जे आधी आले तेच कायम राहिले, आणि मुलींची टीम दोन वर्षं दुपारच्या उन्हात खेळली, त्यांनी कधी तक्रारही केली नाही, ‘तेवढंच मिळतं’ असं धरून चालल्या. पुढच्या सीझनला दोन संध्याकाळी नव्या गटांसाठी राखून ठेवतोय. सगळ्या का नाही? कारण फुटबॉलवाले म्हणजे पण शेवटी साठ-सत्तर मुलंच आहेत, एका झटक्यात त्यांना रस्त्यावर आणायचं का, मला नाही जमत. या निर्णयावर दोन्हीकडून शिव्या मिळणार आहेत, तयारी आहे.

हॉलबद्दल मात्र मी हलणार नाही. सकाळी अकराला खुर्चीवरच्या व्यायामाला अकरा माणसं येतात, हो, अकराच. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून निदान ३ दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते मुख्यतः पडणं टाळायला. एक आजोबा पहिल्या महिन्यात खुर्चीचा हात न धरता उठूच शकत नव्हते, आता दोन्ही हात छातीशी धरून पाच वेळा उठतात आणि पाचव्यांदा उठले की सगळ्यांकडे बघतात. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तुमची मुलं शाळेत असतात. तो हॉल काढून घेतला तरी बॅडमिंटनचा एकही नंबर पुढे सरकणार नाही.

वशिला. मी स्वतःच्या पुतण्याला नाही म्हटलंय, घरात अजून ऐकून घेतोय, पण ते जाऊ दे. तुमच्या लक्षात आलेली गोष्ट वेगळी आहे आणि ती खरी आहे: सकाळी ९ ला बुकिंग उघडतं आणि जो तेव्हा कॉम्प्युटरसमोर रिकामा बसलाय त्याचाच नंबर लागतो. शिफ्टवाले, दुकानावर बसणारे, बसमध्ये लोंबकळणारे मागेच राहतात. बाहेरून बघणाऱ्याला हा वशिलाच वाटणार. म्हणून नवशिक्यांच्या बॅचेसला यापुढे सोडत, आठवडाभर कधीही नाव द्या, मग चिठ्ठ्या काढू, सगळ्यांसमोर. एका कोचकडे सहाच नवशिकी मुलं हा नियम तसाच राहील, त्यामुळे जागा वाढणार नाहीत. पण जे सलग तीन वेळा न कळवता येत नाहीत त्यांची जागा वेटिंग लिस्टला जाईल. आधी त्या जागा सीझनभर रिकाम्या राहायच्या आणि आम्ही ‘फुल’ लिहायचो, हे मला स्वतःलाच रजिस्टर बघेपर्यंत ठाऊक नव्हतं.

तुमच्या मुलाचा बुडालेला रविवारचा तास येत्या शनिवारी सकाळी साडेसातला भरून देतोय, नको असेल तर तेवढे पैसे परत, ऑफिसला नुसता मेसेज करा, अर्ज-बिर्ज नको. शनिवारी मी तिथेच असतो, पाण्याचं पहिलं रीडिंग मी घेतो, रजिस्टर बघायचं असेल तर मागा. आणि निळ्या पट्ट्याचा, एका बाजूची क्लिप तुटलेला गॉगल लॉकरच्या मागे सापडलाय, तुमचाच असावा. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.