अपेक्षित उत्तर

आमच्या पाठ टाचणाच्या वहीत एक रकाना असतो: 'विद्यार्थी कृती व अपेक्षित उत्तर'. डावीकडे मी काय बोलणार ते लिहायचं, उजवीकडे मुलं काय बोलणार ते. दोन्ही मीच लिहायचं, आदल्या रात्री, खोलीवरच्या कॉटवर पालथं पडून. उजवीकडच्या रकान्यातली मुलं फार गुणी असतात. एका वेळी एकच जण बोलतो. कुणाचं नाक वाहत नाही. 'मुलांनो, दहा काड्यांच्या गठ्ठ्याला काय म्हणतात?' असं मी विचारलं की ती 'दहा काड्यांच्या गठ्ठ्याला दशक म्हणतात' असं अख्ख्या वाक्यात, पूर्णविरामासकट सांगतात. गेल्या दीड वर्षात मी अशी वर्गच्या वर्ग मुलं कागदावर जन्माला घातली. शाळेत त्यातलं एकही मला अजून भेटलेलं नाही.

मी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे पूर्वीचं डी.एड. सदाशिव पेठेतली माझी आत्या अजून डी.एड.च म्हणते आणि लगेच पुढे विचारते, "अजून असतं का गं ते?" एके काळी डी.एड.ला नंबर लागला की लोक पेढे वाटायचे. मग गल्लोगल्ली अध्यापक विद्यालयं निघाली, नोकऱ्या आटल्या, २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली आणि पेढे बंद झाले. आता आत्या माझी कुणाशी ओळख करून देताना "स्पर्धा परीक्षांचंही बघतेय ती" असं स्वतःच्या मनाने जोडून देते. मी काहीही बघत नाहीये.

आमचं अधिकृत नाव छात्राध्यापिका. हा शब्द सातवीतल्या मुलालाही एका दमात म्हणता येत नाही, दुसरीतल्याला कुठून येणार? मुलांनी त्यावर तोडगा काढला. वर्गशिक्षिका त्या 'बाई', आणि मी 'छोट्या बाई'. माझी उंची पाच फूट सात इंच आहे, हे त्यांच्या दृष्टीने गौण.

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन झालं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही युक्ती. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, पाच-सहा मिनिटं शिकवायचं, आणि विद्यार्थी म्हणून समोर आपल्याच वर्गमैत्रिणी. एक चक्र ३६ मिनिटांचं: शिकवायला ६, चुका ऐकून घ्यायला ६, नव्याने आखायला १२, पुन्हा शिकवायला ६ आणि पुन्हा चुका ऐकायला ६. 'चेतक बदल' कौशल्यात शिक्षकाने आवाजात चढउतार करावेत, वर्गात फिरावं, हातवारे करावेत. माझ्या पाठावर मैत्रिणीने लिहिलं, 'स्वारगेटला बस चुकल्यासारखी फिरते.' 'प्रबलन' म्हणजे साध्या भाषेत शाब्बास म्हणणं. सहा मिनिटांत मी अकरा शाब्बास दिले, त्यातला एक चुकीच्या उत्तराला आणि एक खिडकीत येऊन बसलेल्या कबुतराकडे बघत.

तरी तिथे सगळं जमायचं. कारण समोर बसलेल्या बावीस वर्षांच्या पोरींना अपेक्षित उत्तर काय आहे ते ठाऊक असायचं. त्यांच्याही वहीत तेच होतं.

मग आंतरवासिता, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवणं लागलं. महापालिकेची एक शाळा, इयत्ता दुसरी, विषय गणित, घटक दोन अंकी संख्यांचं वाचन व लेखन. मार्गदर्शक मॅडम पाठ बघायला येणार होत्या. आदल्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून चार्टपेपर घेतले. रविवार पेठेतून आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट आणलं. दहा-दहाचे सहा गठ्ठे रबरबँडने बांधले, तीन काड्या सुट्या ठेवल्या. सकाळी पीएमपीच्या बसमध्ये चार्टची गुंडाळी उंच धरून उभी राहिले, तर कंडक्टर म्हणाले, "ताई, ती बंदूक जरा खाली घ्या."

मॅडम आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. तो बाक सात वर्षांच्या मुलासाठी केलेला, त्यामुळे मॅडमचे गुडघे हनुवटीपाशी आले. सत्तावीसच्या सत्तावीस मुलं मागे वळून ते बघत बसली. फळ्यावर तारीख, इयत्ता, विषय, पट ३१, हजर २७ असं लिहून मी वळले, तर माझ्यासमोर सत्तावीस पाठी. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक पुरेसा धरलाय. कायदा करणाऱ्यांनी बहुधा मुलांची तोंडं शिक्षकाकडे आहेत असं गृहीत धरलं असावं.

"हाताची घडी, तोंडावर बोट!" मी म्हणाले. बाई हे म्हणतात तेव्हा वर्गात पंखा ऐकू येतो. मी म्हटल्यावर एकाने शेजाऱ्याच्या तोंडावर बोट ठेवलं. शेजाऱ्याने ते चावलं.

तो तंटा मिटवून मी प्रस्तावनेकडे वळले. गठ्ठा वर धरला. "मुलांनो, माझ्या हातात काय आहे?"

अपेक्षित उत्तर: काड्या.

"आइस्क्रीम!"

"आइस्क्रीम नाही. नीट बघा."

"आइस्क्रीम संपलं," पहिल्या बाकावरचा एक जण बाकीच्यांना समजावून सांगत म्हणाला. मग त्याने अत्यंत रास्त प्रश्न विचारला. "बाई, एवढं कोणी खाल्लं?"

इथे माझं चुकलं. काड्या दुकानात कोऱ्या मिळतात, असं सांगायचं होतं. पण घाईत तोंडातून निघून गेलं, "मी."

वर्गात जी शांतता पसरली तशी बाईंच्याही पाठाला नसते. मग कुजबुज सुरू झाली. कुठलं? मँगो का? एका दिवसात? तुमची आई ओरडली नाही? एकीने डोळे बारीक करून माझा घसा बघितला. "आज आपण दोन अंकी संख्यांचे वाचन व लेखन शिकूया" हे हेतुकथन मी केलं खरं, पण ते कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. साठ-बासष्ट आइस्क्रीम पोटात घेऊन उभ्या असलेल्या बाईकडून वाचन-लेखन काय शिकायचं?

सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या टेबलावर मांडल्या. "हे झाले त्रेसष्ट. पाटीवर लिहा बरं, त्रेसष्ट." पाट्या वर आल्या. अर्ध्याअधिक पाट्यांवर ३६.

खिडकीजवळच्या मुलाला मी म्हटलं, "अरे, हे छत्तीस झाले."

"नाही. त्रेसष्ट. तुम्हीच आधी 'त्रे' म्हणालात. त्रे म्हणजे तीन. मग मी आधी तीन लिहिला."

याला काय उत्तर द्यायचं? बरोबरच होतं त्याचं. आपण बोलतो एकक आधी आणि लिहितो दशक आधी. तोंड एकीकडे आणि हात दुसरीकडे, आणि चूक कुणाची, तर सात वर्षांच्या मुलाची. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने 'वीस एक', बासष्टच्या जोडीने 'साठ दोन' असं वाचन दिलं. त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. तेव्हा महाराष्ट्राला हसू आवरेना. विधानसभेतसुद्धा आडनावांवरून कोट्या झाल्या. मी तेव्हा शाळेत होते आणि आमच्या घरच्या ग्रुपवर आलेला प्रत्येक विनोद पुढे ढकलत होते. त्या सगळ्या विनोदांची वसुली त्या सकाळी एकदम झाली.

तेवढ्यात लाल रिबिनवाल्या मुलीने पाटी वर केली. स्वच्छ ६३. मी मॅडमकडे एक विजयी नजर टाकून तिला विचारलं, "कसं लिहिलंस गं?"

"घरच्यासारखं म्हटलं. अरवत्तमूरु."

तिचं घर मूळचं कलबुर्गीकडचं, घरात कानडी. कानडीत साठ आधी येतात आणि तीन मागून. जसं म्हणायचं तसंच लिहायचं. माझा मराठीतला पाठ वर्गात एकटीला समजला, आणि तो तिने कानडीतून समजून घेतला होता. मी 'शाब्बास' म्हणाले. दीड वर्षात मनापासून दिलेला तो माझा पहिला प्रबलन असावा.

इथेच थांबायला हवं होतं. पण टाचणात पुढे 'एकोणपन्नास' होतं, आणि मॅडमच्या हातात टाचणाची प्रत होती.

"सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, आणि पुढे?"

"नवचाळीस!"

"एकोणपन्नास. म्हणजे पन्नासाला एक कमी."

"पण पन्नास अजून आलेच नाहीत," खिडकीजवळचा म्हणाला. "मग त्यांचं नाव आत्ताच का घ्यायचं?"

मी जरा व्याकरणात शिरले. म्हणाले, "एक अधिक ऊन. ऊन म्हणजे कमी." सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऑक्टोबरचं रणरणतं ऊन पडलं होतं. "कमी नाहीये," एक जण म्हणाला. "खूप आहे."

आता मात्र मुलांना चव लागली. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. सगळी मिळून म्हणू लागली, बाकांवर ठेका धरून. मी पण हात उडवून साथ देत होते. मागच्या बाकावर मॅडमची मान किंचित डोलतेय असा मला भास झाला. आणि मग गाडी पूर्ण वेगात घाटावर चढली: "एकोणशंभर!"

"नाही," मी म्हणाले. "नव्व्याण्णव."

ठेका थांबला. सत्तावीस तोंडांवर, आत्ताच आपल्याला कुणीतरी फसवलंय असा भाव. "का?"

रकाना कोरा. दारात उभ्या असलेल्या बाई मदतीला धावल्या. "तसंच म्हणतात. चला, पुढे." वीस वर्षं दुसरीला शिकवलेल्या बाईंचं हे उत्तर मुलांनी मुकाट मान्य केलं. मी हेच म्हणाले असते तर माझी चौकशी झाली असती. रात्री शोधलं तेव्हा कळलं की संस्कृतात नवनवति आहे, नव्व्याण्णव तिथून आलं. पण हे खिडकीजवळच्याला सांगायचं म्हणजे 'मग संस्कृतवाल्यांनी तसं का केलं?' याचीही तयारी करून जावं लागणार.

मूल्यमापन राहिलं होतं. "कोण सांगेल, या संख्येत दशक किती? येत असेल त्याने हात वर करा." चौथ्या बाकावरच्या, महिनाभरात तोंड न उघडलेल्या एका मुलाचा हात वर गेला. मला भरून आलं. शेवटी एकाला तरी! मी जवळ गेले, वाकले. वर नुसती करंगळी होती.

त्याला सोडलं आणि एका मिनिटात आणखी सात करंगळ्या वर आल्या. पाठ तिथे संपला असं म्हणायला हरकत नाही.

मॅडमनी शेरा लिहिला: 'फलकलेखन सुवाच्य. शैक्षणिक साधन योग्य. समूहाने उत्तरे घेऊ नयेत, विद्यार्थ्याचे नाव घेऊन विचारावे. वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे.' आणि खाली, बारीक अक्षरात: 'आइस्क्रीमचा उल्लेख टाळता आला असता.'

काड्या गोळा केल्या तर त्रेसष्टच्या एकोणसाठ भरल्या. रबरबँड एकही नाही. ते दिवसभर छपराच्या दिशेने उडताना दिसत होते. बाई म्हणाल्या, "काड्या नेहमी दुप्पट आणायच्या गं. आणि रबरबँड नाही, दोरा."

दुसऱ्या दिवशी करंगळीवाला मुलगा माझ्या टेबलाशी आला, मूठ उघडली. आत एक काडी. एका टोकाला नारिंगी रंग, आणि अजून ओलसर. "तुमच्यासाठी," तो म्हणाला. मधल्या सुट्टीत आणखी चार काड्या आल्या. आठवडाभर येतच राहिल्या, काही चावलेल्या, काही उघडच रस्त्यावरच्या, एक कुल्फीची, तीही मोडकी. मी इतक्या काड्या कशाला म्हणून विचारलं, तर लाल रिबिनवालीने सांगितलं, "तुम्हाला परत एवढं खायला नको. पोट दुखेल."

पुढच्या पाठाला मॅडम पुन्हा त्याच बाकावर गुडघे जवळ घेऊन बसल्या. नव्या काड्या आणायची गरज पडली नव्हती. मुलांनीच जुन्या-नव्या सगळ्या एकत्र केल्या, दहा-दहाचे गठ्ठे दोऱ्याने बांधले. गठ्ठे झाले नऊ. सुट्या उरल्या नऊ.

मी टाचण मिटून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "किती झाल्या?"

हात वर न करता, कुणाचंही नाव घ्यायची वाट न बघता, सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "एकोणशंभर!"

मागच्या बाकावर मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.