थोरली पाती कोणती?

काकांनी आमच्या कुलवृत्तांताची १९९१ची आवृत्ती सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर जपून ठेवली आहे. म्हणजे ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांसह. "नव्या आवृत्तीला लागेल. उतरवून दे, तू कॉम्प्युटरातला ना!" मी कॉम्प्युटरातला म्हणजे विमा कंपनीत एक्सेल भरतो. पण घरात एकदा नाव पडलं की पडलं.

यूएसबीला लागणारे फ्लॉपी ड्राइव्ह सर्रास मिळतात, पण ते साडेतीन इंची. सव्वापाचवाल्याला चौतीस तारांची चपटी केबल हवी आणि ती खुपसायला जागा असलेला मदरबोर्ड. तो माळ्यावरच्या पेंटियम फोर कॉम्प्युटरमध्ये निघाला. ड्राइव्ह पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, जवळपास भंगाराच्या भावात. अडलं केबलपाशी. मिळते ती पिनांवर बसणारी. या ड्राइव्हला मागे पिनाच नाहीत, सर्किटच्या पाटीची सोनेरी पट्ट्यांची कड तेवढी बाहेर आलेली. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने ड्राइव्ह हातात घेतला, आतल्या पोराला हाक मारून दाखवला आणि मला परत दिला. केबल शेवटी एका फूटपाथवरच्या खोक्याच्या तळाशी सापडली.

या केबलची एक गंमत आहे. दहा ते सोळा नंबरच्या तारा पट्टीतून सुट्या करून मधेच पीळ दिलेला असतो. आयबीएमची युक्ती: दोन्ही ड्राइव्हचे जंपर, म्हणजे ड्राइव्हचा क्रमांक ठरवणाऱ्या चिमुकल्या क्लिपा, 'दुसरा' याच जागी ठेवायचे, पिळाच्या पलीकडे बसेल तो ए, म्हणजे पहिला, अलीकडे बसेल तो बी, म्हणजे दुसरा. म्हणजे जन्माने दोघेही धाकट्या पातीचे, थोरलेपण केबल ठरवणार. हे ऐकून काका एकदम गंभीर झाले. आमच्या कुलवृत्तांतात नेमका हाच वाद आहे आणि काका बी आहेत.

लाल तार कडेवरच्या खाचेच्या बाजूला यायला हवी. उलट बसली की ड्राइव्हचा दिवा लागतो तो विझतच नाही. तसा तो लागला.

"लागला! दिवा लागला!" काका ओरडले. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. ती उचलायला लावणं जिवावर आलं, म्हणून गुपचूप केबल फिरवली.

बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, ड्राइव्हचा प्रकार १.४४ एमबीचा १.२ एमबी केला. फ्लॉपी ३६० केबीची, १.२च्या ड्राइव्हमध्ये ती वाचता येते, पण लिहू नये, कारण याचं हेड अरुंद, जुन्या रुंद ट्रॅकवर बारीक रेघ ओढून ठेवतं आणि मग जुना ड्राइव्ह गोंधळतो. काकांचा हात दुरुस्तीसाठी शिवशिवत होता, म्हणून आधी फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी मारली; ती खाच झाकली की फ्लॉपीवर लिहिताच येत नाही.

खर्र... खट्... खर्र. फाइल उघडली. पडद्यावर आमचे मूळपुरुष चौकटी, उलटे प्रश्नचिन्ह आणि पौंडाच्या खुणांत अवतरले.

"हे मराठी नाही," काका म्हणाले.

"काका, तेव्हा छापखान्यात कॉम्प्युटरच्या पोटात सी-डॅकचं जिस्ट कार्ड असायचं. त्यामुळे मराठी अक्षरं दिसायची."

काकांनी चष्मा पुसला.

"मग लाव की तेही. आता उघडलंच आहेस तर."