वुहान पाहायचे तर मनोऱ्यावरून नव्हे, दीड युआनच्या बोटीतून

नोकरीच्या निमित्ताने मी दोन वर्षे वुहानमध्ये राहिले. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा हट्ट ठरलेला असे: पिवळ्या क्रौंचाचा मनोरा दाखव. मी दाखवत असे, पण फारशा उत्साहाने नव्हे. इ. स. २२३ मध्ये टेहळणीसाठी बांधलेला, पुढे थांग काळातल्या कवींनी अजरामर केलेला हा मनोरा अनेकदा जळाला आणि अनेकदा पुन्हा उभा राहिला. १८८४च्या आगीनंतर मात्र शंभर वर्षे तो पुन्हा उभा राहिलाच नाही. आज दिसतो तो १९८५चा, काँक्रीटचा, आत लिफ्ट असलेला मनोरा, आणि तोही मूळ जागेपासून सुमारे एक किलोमीटर आत सरकवलेला. मूळ जागा यांगत्से नदीवरच्या पुलाने घेतली. माझे मत असे की त्या जागेचा खरा वारस मनोरा नसून तो पूलच आहे.

वुहान हे मुळात जोडनाव आहे. हान नदी जिथे यांगत्सेला मिळते, तिथे वुछांग, हानखौ आणि हानयांग अशी तीन गावे तीन काठांवर वसली आणि त्यांचे स्वभावही निराळे राहिले. वुछांग सरकारी कचेऱ्यांचे आणि परीक्षांचे, हानखौ व्यापाऱ्यांचे. हानयांगला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादाचा आणि शस्त्रांचा कारखाना आला. यांतले हानखौ सर्वांत तरुण. पंधराव्या शतकात हान नदीने पात्र बदलले, तेव्हा कुठे ते हानयांगपासून वेगळे पडले. ज्या शहराचा एक तृतीयांश भागच नदीच्या लहरीतून जन्मला, ते शहर मनोऱ्यावरून काय कळणार?

१८५८च्या तिएनचिन कराराने हानखौ परदेशी व्यापाराला सक्तीने खुले झाले आणि नदीकाठावर ब्रिटिश, जर्मन, रशियन, फ्रेंच आणि जपानी अशा पाच वसाहती ओळीने उभ्या राहिल्या. रशियन व्यापारी इथे चहा दाबून त्याच्या विटा पाडत आणि त्या सैबेरियाकडे रवाना करत. हा करार ज्या युद्धातून आला, त्याचे नावच अफूचे युद्ध आहे, आणि चीनमध्ये ओतल्या गेलेल्या अफूपैकी माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जात होती, हे आपण मराठी माणसे सोयीस्करपणे विसरतो. बरोबर ऐंशी वर्षांनी, सप्टेंबर १९३८ मध्ये, त्याच मुंबई बंदरातून पाच डॉक्टर जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला पोहोचण्याआधी हे पथक हानखौमध्ये जखमींवर उपचार करत होते; ऑक्टोबर संपण्याआधीच शहर जपान्यांच्या हाती पडले. आपल्याकडे कोटणीसांचे नाव निघाले की गोष्ट थेट येनानच्या गुहांपाशी जाते, हानखौ मधेच गळून पडते.

पुराविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण वुहानकरांच्या बोलण्यात राजवटींपेक्षा पूर जास्त येतात. १९३१ मध्ये हानखौ कित्येक आठवडे पाण्याखाली होते आणि रस्त्यांतून होड्या चालत. १९५४ मध्ये पाणी त्याहूनही चढले, २९.७३ मीटरपर्यंत, पण त्या वेळी लाखो माणसांनी रात्रंदिवस माती वाहून बांध उंचावत नेला आणि शहर वाचले. हानखौच्या काठावर त्या झुंजीचे स्मारक आहे. संध्याकाळी त्याच्या पायथ्याशी बायका स्पीकर लावून नाचतात आणि स्मारकाकडे कोणी पाहतही नाही. त्या पुरानंतर तीनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९५७ रोजी, यांगत्सेवरचा तो पहिला पूल खुला झाला: वर मोटारी, खाली रेल्वे, एका टोकाला कासव टेकडी आणि दुसऱ्या टोकाला सर्प टेकडी. त्याआधी रेल्वेचे डबे बोटीवर चढवून पलीकडे न्यावे लागत.

आता पूल पुष्कळ झाले, मेट्रोही नदीखालून जाते, तरीही हानखौच्या जुन्या जकातघराजवळच्या धक्क्यावरून वुछांगला जाणारी फेरीबोट चालू आहे. माझ्या वेळी तिकीट दीड युआन होते. जानेवारी २०२० मध्ये शहर बंद झाले, तेव्हा बस आणि मेट्रोबरोबर ही बोटही थांबली, ७६ दिवसांची ती टाळेबंदी आपल्या लोकांना ठाऊक आहे; दुर्दैवाने वुहानबद्दल त्यांना तेवढेच ठाऊक आहे.

सकाळी लोखंडी दार सरकले की खालच्या मजल्यावर विजेच्या स्कूटरवाल्यांची झुंबड उडते. बरेच जण स्कूटरवर बसूनच नदी ओलांडतात, आणि अनेकांच्या हातात कागदी वाडगा असतो. इथे घरी नाश्ता करण्याची फारशी पद्धत नाही. सकाळचे खाणे बाहेरच उरकायचे, आणि त्याला ‘ग्वोझाओ’ असा खास स्थानिक शब्द आहे. वाडग्यात बहुधा रगानम्येन असते: आदल्या दिवशी उकडून, तेल चोळून गार केलेल्या नूडल्स झाऱ्यात घालून उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवायच्या, वर वाटलेल्या तिळाची दाट चटणी आणि मुळ्याचे लोणचे. पहिल्याच आठवड्यात मी वाडगा हातात धरून नदीचे फोटो काढत उभी राहिले, तेव्हा शेजारच्या एका आजींना ते बघवेना. त्यांनी माझ्या हातातल्या काड्या घेतल्या, तळापासून नूडल्स भराभर उलटसुलट केल्या आणि वाडगा परत देताना, नदी कुठे पळून जात नाही, तीळ मात्र घट्ट होतात, अशा अर्थाचे काहीतरी मला चांगलेच खडसावून सांगितले.