शेवटचा आकडा

काट्याचा मीटर निदान थरथरायचा, म्हणजे त्याचं नक्की नाही हे समजायचं. डिजिटल व्होल्टमीटर मात्र दशांशचिन्हापुढे तीन आकडे लावून इतक्या ठामपणे बोलतो की शंका घ्यायची हिंमतच होत नाही. घरात दुसरा मीटर आला आणि मला ती झाली. एकाच कोऱ्या सेलला जुना म्हणाला १.५८७, नवा म्हणाला १.६०४.

माहितीपत्रक काढलं. दोघांचीही अचूकता ०.५ टक्के अधिक २ अंक, म्हणजे वर शेवटच्या आकड्यात दोनाची सूट. म्हणजे २० व्होल्टच्या रेंजवर खऱ्या ५ व्होल्टला ४.९६ म्हटलं तरी मीटर निर्दोष, ५.०४ म्हटलं तरी निर्दोष. अशी सवलत मला शाळेत मिळाली असती तर!

पंच कोण नेमायचा? सेल नेमता येत नाही, तो तर स्वतःच उतरत असतो. १८९३ चा वेस्टनचा प्रमाण सेल २० अंश सेल्सिअसला १.०१८६ व्होल्ट देतो, पण त्यात पारा आणि कॅडमियम, त्यामुळे तो माजघरात नको. आजची मोठ्या प्रयोगशाळांतली, अतिवाहकांच्या जोडावरून व्होल्ट ठरवणारी जोसेफसन पद्धत तर बहुधा द्रवरूप हेलियमच्या थंडीत चालते. आमचा फ्रिज तेवढा निष्ठावान नाही. शेवटी ठरावीक व्होल्ट देणारी एडी५८४ चिप असलेली छोटी पट्टी मागवली: १०, ७.५, ५ आणि २.५ व्होल्ट. सोबत हाताने लिहिलेल्या मोजमापांची चिठ्ठी. ही मोजमापं ज्या मीटरने घेतली, त्याला कुणी तपासलं होतं, हे चिठ्ठीत नव्हतं.

आधी मीटरची बॅटरी बदलली, कारण ती उतरली की बरेच मीटर चढे आकडे सांगू लागतात. पट्टी तापू दिली. तेवढ्यात बायकोने पंखा लावला.

"अगं, तापमान!"

एवढ्याशा वाऱ्याने माझ्या मीटरला दिसेल इतका फरक पडणं शक्य नव्हतं, पण प्रयोग चालू असताना कुणावर तरी ओरडावं लागतं.

पट्टीच्या ५ व्होल्टला मीटर म्हणाला ४.९७. नियमाने निर्दोष, पण एकदा दिसलं की डोळ्यांत सलतंच. प्रोब काढून झाकण उघडलं, आकडा जुळवायचा छोटा स्क्रू, म्हणजे ट्रिमर, शोधला, आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरने केसभर फिरवला: ५.०६. अर्धा केस मागे: ४.९१. केसाचे एवढे भाग पडू शकतात हे मला माहीत नव्हतं. अखेर ५.०० आलं. श्वास रोखून झाकण लावलं: ५.०१. शेवटचा अंक एकाने इकडेतिकडे होणारच, हे मी स्वतःला मोठ्याने समजावलं.

"अहो, झालं असेल तर हा सेल चालेल का बघा."

"१.४२. पण मीटर सेलमधून जवळजवळ वीज ओढतच नाही, तेव्हा भार टाकल्याशिवाय त्याचा खरा दम—"

तोवर तिने सेल भिंतीवरच्या घड्याळात घातलाही होता. काटा चालू लागला.

"वेळ किती झाली हो?"

"कोणत्या घड्याळाप्रमाणे?"