पेनाच्या शेपटाकडचं बटण

मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो टॅब्लेटवरचा एक लेख वाचला. त्यात त्याच्या पेनाच्या ४०९६ दाबपातळ्यांचं (पेन जितकं दाबाल तशी रेघ जाड-बारीक होते, त्या पायऱ्यांचं) भरपूर कौतुक आहे. चित्रकारांना त्याचं मोल असेल, आम्हा नोट्स खरडणाऱ्यांना काय त्याचं! आमची खरी सोय पेनाच्या शेपटाकडच्या बटणात. ते एकदा दाबल्यावर वननोट हे नोट्सचं अ‍ॅप उघडायचं की दुसरं काही, हे सेटिंग्जमध्ये ठरवता येतं. पेन उलटं करून घासलं की खोडरबर. यावर लेखात एक ओळही नाही.

आणि हो, जादा पेन घेताना जपून. सॅमसंगच्या एस पेनात वेकॉम कंपनीचं वेगळं तंत्र आहे, लिहायला बॅटरी लागत नाही, पण सरफेसवर ते उमटतच नाही. काचेवर अक्षर घसरत असेल तर मॅट स्क्रीनगार्ड लावा. त्यानं पेनाचं टोक मात्र लवकर झिजतं.