खाट बदलते, माणूस नाही

रुग्णालयात रुग्णांना काय म्हणून हाक मारतात, यावरचा लेख वाचला. परिचारिका रुग्णाला खाटेच्या क्रमांकावरून ‘बारा नंबर’ म्हणतात हे त्यांच्या कोरडेपणाचे लक्षण आहे, हे त्यातील विधान मला एकांगी वाटले. मी तीस वर्षे वॉर्डात काम केले आहे. पाळी बदलताना चाळीसेक रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला द्यायची असते तेव्हा खाटेचा क्रमांकच आधी तोंडात येतो, कारण केसपेपर आणि औषधांचा ट्रे त्याच क्रमाने लावलेला असतो. खरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो लेखात आलेलाच नाही. रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी व त्यांत खोलीचा क्रमांक धरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितले आहे. एकदा पंख्याखालची जागा हवी म्हणून दोन रुग्णांनी रात्री परस्पर खाटा बदलल्या होत्या. इन्सुलिन टोचण्यापूर्वी मी नाव विचारले, म्हणून निभावले.

‘आजी’, ‘मावशी’ या संबोधनांचे लेखातील सरसकट कौतुकही मला पटत नाही. रुग्णालयात ‘मावशी’ म्हणजे आया आणि ‘मामा’ म्हणजे वॉर्डबॉय, त्यामुळे रुग्ण बाईला तशी हाक मारली की दोघी वळून पाहतात (हा विनोद नव्हे, रोजचा अनुभव). शिवाय साठीच्या प्रत्येक स्त्रीला आजी व्हायचे नसते. एका निवृत्त शिक्षिकेने मला शांतपणे सांगितले होते, “आजी घरी आहे मी, इथे मला बाई म्हणा.” त्यानंतर मी प्रत्येक नव्या रुग्णाला काय म्हणून हाक मारू, हे आधी विचारू लागले.