नापास केलंत ना? मग कागद द्या

आरटीओच्या पासिंगला, म्हणजे तपासणीला, गाडी नापास झाली म्हणून कुणी रडगाणं गायला लागलं की माझी सहानुभूती निम्मीच असते. आपल्या गोव्यातल्या गाड्या नापास व्हायच्याच लायकीच्या असतात. वर समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस, त्यात रोज फेरीबोटीतून ये-जा करणारी गाडी असेल तर विचारूच नका. बोनेटवर पॉलिश चमकतं आणि खाली पत्र्याचे पापुद्रे सुटलेले असतात.

आमची जुनी वॅगन आर 15 वर्षांची झाली, म्हणजे रजिस्ट्रेशन रिन्यू करायची वेळ आली. इन्स्पेक्टरने दिवे लावायला सांगितले, हँडब्रेक ओढायला लावला, खाली वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "दुरुस्त कर आनी परत हाड" (परत आण). काय दुरुस्त करायचं? "मेस्ताक दाखय, ताका कळटलें" (मेस्ताला, म्हणजे मेकॅनिकला दाखव, त्याला कळेल). संपलं. पुढच्या गाडीकडे वळलासुद्धा.

मेस्ताला खरंच कळलं. त्याने ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली, स्क्रू-ड्रायव्हर टेकवून हलकेच दाबला आणि तो आरपार गेला. भोकातून गॅरेजची फरशी दिसत होती. हँडब्रेकची केबल ताणून सैल झालेली. हेडलाइटमध्ये आधीच्या मालकाने बाजारातले पांढरे एलईडी बल्ब घातलेले, त्यांचा उजेड रस्त्यावर पडण्यापेक्षा समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जायचा. तेव्हा इन्स्पेक्टरचं चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. तक्रार निकालाची नाही. यातलं त्याने नेमकं काय पाहिलं, कशासाठी अडवलं, हे आजतागायत मला माहीत नाही, ही तक्रार आहे. दहावीला नापास झालेल्या पोराला निदान कुठला विषय राहिला ते तरी कळतं!

आणि हा काही मेहेरबानीचा मामला नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यातलं कलम 45 वाचा: गाडी यांत्रिकदृष्ट्या सदोष आहे म्हणून रजिस्ट्रेशन किंवा त्याचं नूतनीकरण नाकारलं, तर आदेशाची प्रत कारणांसह अर्जदाराला द्यायची आहे. टॅक्सी, रिक्षा, ट्रक, बस यांच्या फिटनेस प्रमाणपत्रासाठी कलम 56 आहे, तिथेही तेच. फिटनेस नाकारायचा तर कारणं लेखी. पुढे कलम 57 म्हणतं, निर्णय मान्य नसेल तर आदेशाची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करा. आता मला सांगा, आदेशच नाही तर 30 दिवस कधीपासून मोजायचे? अपील कुणाविरुद्ध करायचं, "परत हाड" या दोन शब्दांविरुद्ध? तोंडी नकाराची खरी गोम इथे आहे. गाडी अडते आणि कागदोपत्री कुणीच काही नाकारलेलं नसतं.

मग या मोकळ्या जागेत एजंट येतो. बाहेर स्कूटरला टेकून उभा असतो, त्याला न सांगता सगळं ठाऊक असतं. "पात्रांव (शेठ), लाइट आणि हँडब्रेक, बाकी मी बघतो." जी माहिती कायद्याने मला फुकट मिळायला हवी, ती तो मला विकतो. लोक एजंटला शिव्या घालतात, पण त्याचं दुकान कोण चालवतंय ते बघा.

याची दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर धंदेवाले मित्र मला डोक्यावर घेऊन नाचतील. पासिंगपुरते टायर बदलणं तुम्हाला माहीत आहे ना? शेजाऱ्याचे बरे टायर आणायचे, चढवायचे, पासिंग झालं की संध्याकाळी आपले गुळगुळीत टायर परत. फर्स्ट एड बॉक्स आणि अग्निशामक सिलिंडर तर या गाडीतून त्या गाडीत फिरतच असतात. मग फिटनेसच्या कागदावर तारीख असते आणि चोर्लाच्या घाटात पावसात गाडी सरकते. जानेवारी 2018 मध्ये स्पीड गव्हर्नरच्या, म्हणजे वेगाला लगाम घालणाऱ्या यंत्राच्या सक्तीवरून टॅक्सीवाल्यांनी संप केला, तेव्हा यंत्राच्या खर्चाबद्दल खूप बोललं गेलं. टायरबद्दल कुणी बोललेलं मला आठवत नाही.

आमच्या शेजारच्या आंतोनची मुलगी इंग्लंडमधल्या स्विंडनला असते. तिथे आपला निम्मा सासष्टी तालुका भेटतो म्हणतात. तिची गाडी गेल्या खेपेला त्यांच्या एमओटीत, म्हणजे तिकडच्या पासिंगला, नापास झाली, तिने कागदाचा फोटो पाठवला. तिकडे गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी ही चाचणी. 2018 च्या मे महिन्यापासून दोषांचे डेंजरस, मेजर आणि मायनर असे वर्ग केलेत. पहिल्या दोहोंत नापास, मायनरला नुसती नोंद. प्रत्येक दोष एकेका ओळीत, कुठल्या बाजूचं कुठलं चाक तेसुद्धा. त्याच गॅरेजात दुरुस्तीला गाडी ठेवली आणि 10 कामकाजी दिवसांत काम झालं, तर राहिलेल्या गोष्टींचीच फेरतपासणी, तीही फुकट. शिवाय गाडीचा नंबर टाकला की जुने निकाल कुणालाही ऑनलाइन दिसतात, जुनी गाडी घेणाऱ्याला केवढी सोय! (तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच असणं मला पटत नाही. पण कागद पटतो.)

आपल्याकडे 2021 च्या केंद्रीय नियमांनी स्वयंचलित चाचणी केंद्रांची चौकट आखली आहे. रोलरवर चाक फिरवून ब्रेकचा आकडा मिळाला की डोळ्यांच्या अंदाजावरचे वाद तरी मिटतील. पण कागद द्यायला रोलर लागत नाही. एक छापील फॉर्म, त्यावर दिवे, ब्रेक, स्टिअरिंग, वायपर, हॉर्न, आरसे असे रकाने, आणि खाली सही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 62 मध्ये तपासायच्या गोष्टींचा तक्ता आयताच आहे, नवीन काही शोधायचं नाही. पैसे मात्र चोख घेतात: 15 वर्षांवरच्या खाजगी कारच्या नूतनीकरणाची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 ची थेट 5,000 झाली. एवढ्या पैशांत एक ए-फोर कागद बसत नाही?

पुढच्या खेपेला कुणाची गाडी अडली तर भांडू नका. साधा अर्ज लिहा: अमुक नंबरची गाडी अमुक तारखेला तपासली, नाकारण्याची कारणं लेखी द्यावीत. खाजगी गाडी असेल तर कलम 45, धंद्याची असेल तर 56. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. साहेब जेवायला गेलेत असं सांगतील, बसून राहा.